मिसेस बॅरक्लफकडचं वरचं बिऱ्हाड

बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींत सुप्रभा करंबेळकर सहलीला कधी नाही म्हणायची नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर वाऱ्यात बसून गार इडल्या खायच्या असोत की लेक डिस्ट्रिक्टच्या पावसात डोंगर चढायचा असो, यादीत पहिलं नाव तिचं. सोबत दडपे पोह्यांचा डबा असायचा आणि वाटेत सगळ्यांना पुरतील इतक्या लिमलेटच्या गोळ्या. पण यॉर्कची बस निघाली तेव्हा तिची पाठ धरली. काही वर्षांनी पुन्हा यॉर्कच ठरलं, तर तिला ताप आला. तिसऱ्या वेळी कुणी यॉर्कचं नाव काढलं तेव्हा तिचे यजमान डॉक्टर चंद्रशेखर मध्येच म्हणाले, "आम्ही पाहिलंय यॉर्क. तुम्ही जाऊन या," आणि क्रिकेटचा विषय काढला.

पाहिलंय हे खरंच होतं. मिरजेहून डॉक्टर होऊन चंद्रशेखर इंग्लंडला आले ते पहिल्यांदा यॉर्कच्या इस्पितळात लागले होते. सुप्रभा मागून आली, सांगलीच्या कॉलेजातून नुकतीच बी. एस्सी. होऊन. १९७२च्या वसंतात त्यांनी यॉर्क सोडलं, बर्मिंगहॅमला आले आणि तिथलेच झाले. शाल्मली झाली. सुप्रभा हॉल ग्रीनच्या लायब्ररीत कामाला लागली आणि तिथूनच रिटायर झाली. २००५च्या शरदात चंद्रशेखर बागेतली पानं गोळा करता करता गवतावर बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

यॉर्कमध्ये काय झालं ते त्या दोघांशिवाय आपल्या माणसांत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

तिथं त्यांचं पहिलं मूल झालं होतं. मुलगा. तो जन्माला आला आणि रडला नाही.

फेब्रुवारी महिना होता. खाणकामगारांचा संप चाललेला, त्यामुळे पाळीपाळीने गावातली वीज जायची. सुप्रभाला कळा सुरू झाल्या तेव्हा प्रसूतिगृहात बॅटरीचे दिवे लावलेले होते. त्या पिवळट उजेडात तिला फक्त माणसांचे हात दिसत होते. मग ते सगळे हात एकदम थांबले. नर्सने टॉवेलात काहीतरी गुंडाळलं आणि ती भराभर दाराकडे निघाली. टॉवेलातून एक टाच बाहेर आली होती, तेवढीच सुप्रभाला दिसली. तिने हात पुढे केला तेव्हा सिस्टर म्हणाली, "नाही पाहिलंस तर बरं, डिअर. तू तरुण आहेस. दुसरं होईल." दंडात सुई टोचली गेली.

जाग आली तेव्हा चंद्रशेखर शेजारी स्टुलावर बसले होते.

"कुठाय तो?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलवाले बघतील सगळं. इथं तसंच करतात."

"कुठं नेणार त्याला?"

"सुप्रभा, आता ते मनात आणू नकोस."

त्या काळी खरोखर तसंच करत असत. देशभर. आईबापांना पुढचं काही सांगायचं नाही, विसरायला बरं पडतं, असा समज होता. चंद्रशेखर डॉक्टर होते, तरुण होते, परक्या देशात नवखे होते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी बायकोला सांगितलं.

ती घरी आली ती मिसेस बॅरक्लफच्या वरच्या बिऱ्हाडात. बुथम रस्त्याच्या मागच्या अंगाला विटांच्या घरांची एक ओळ होती, त्यातल्या एका घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. घरमालकीण पन्नाशीची विधवा. सरळ काठीसारखी, तोंडावर हसू नावाला नाही. आंघोळीचे वार ठरलेले. संध्याकाळनंतर फोडणी करायची नाही, कारण वास पडद्यांत बसतो. काही सांगायचं झालं तर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून वरच्या अंगाला बघत बोलायची, जणू भिंतीशीच बोलते आहे.

सुप्रभा खोलीत शिरली आणि जागीच थांबली. खिडकीजवळचा सेकंडहँड पाळणा नव्हता. खणातले कपडे नव्हते. तिने स्वतः विणलेलं पिवळं टोपडं आणि त्याच्या जोडीचा कोट, दोन्ही नव्हतं. सगळं कसं लख्ख आवरलेलं. खालून मिसेस बॅरक्लफचा आवाज आला, "हीटर लावून ठेवलाय."

एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. कुणी सांगितलं नव्हतं की तसं होतं. तिने जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून छाती आवळून बांधली आणि बाथरूमचा नळ सोडून ती आत बसून राहिली. पाण्याच्या बिलावरून बाई बोलेल असं तिला वाटलं, पण बाई बोलली नाही. महिन्याभरात त्यांनी ते घर सोडलं. निघताना सुप्रभाने घरमालकिणीकडे पाहिलंही नाही. आपल्या बाळाचे कपडे ज्या बाईने केराच्या टोपलीत घातले तिच्याशी काय बोलायचं.

मूल दिसलं नाही, पण ते गेलंही नाही. ते तिच्या नजरेच्या कडेला वाढत राहिलं. शाल्मलीला बाबागाडीतून नेताना एखादा तीन वर्षांचा मुलगा गाडीच्या दांड्याला धरून चालतोय असं वाटायचं. पुढे लायब्ररीच्या काचेबाहेर शाळेचं दप्तर अडकवलेला एक सावळा मुलगा उभा दिसायचा. तिने मान वर केली की दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा असायचा, बांगलादेशी नाहीतर पंजाबी, आणि तो निघून जायचा. मग तो कॉलेजात गेला. मग त्याचे केस मागे सरकायला लागले. ती कुणाला काही सांगत नव्हती. वेड लागलंय म्हणतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की सांगितलं तर तो यायचा थांबेल.

२००९च्या डिसेंबरात शाल्मलीने एक लिफाफा तिच्या पुढे ठेवला. शाल्मली तेव्हा बँकेत होती, चौतिशीची, एकटी राहायची. तिचं मराठी आईशी बोलण्यापुरतं होतं आणि त्यात सगळे शब्द आपापली लिंगं बदलून यायचे.

"आई, तुझी बर्थडेचा प्रेझेंट. मी हॉटेल बुक केला. मिन्स्टर चर्चच्या एकदम जवळ. ख्रिसमस लाइट्स, बर्फ, सगळा."

सुप्रभाने तिकीट पाहिलं. यॉर्क.

"माझी पाठ—"

"आई, तुझा पाठ मागच्या महिन्यात ब्लॅकपूलला ठीक होता."

आता मध्ये पडून विषय बदलणारं माणूस घरात नव्हतं. सुप्रभाने तिकिटं लिफाफ्यात परत घातली आणि म्हणाली, "गरम मोजे घे. तिथली थंडी नदीवरून येते."

गाडी यॉर्कला शिरली तेव्हा शेतं पांढरी झालेली होती. स्टेशनचं ते वळणदार उंच छप्पर तसंच होतं. बाहेर येताच समोर गावाचा तट, त्याच्या उतारावर बर्फ, आणि त्यावर कावळे. शाल्मली फोटो काढत सुटली. सुप्रभा नाक वर करून उभी राहिली. वाऱ्यावर गोडसर, किंचित करपट वास होता, चॉकलेटच्या कारखान्याचा. पोटुशी असताना या वासाने तिला दिवसदिवस उलट्या व्हायच्या. एकसष्टाव्या वर्षी तोच वास नाकात शिरला आणि तिने शेजारचा कठडा धरला.

"काय झाला?"

"काही नाही. पाय घसरला."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मलीला खरेदी करायची होती. सुप्रभा म्हणाली, मी जरा मिन्स्टरमध्ये बसते. ती बसलीही. पण आत मुलांच्या गाण्याची तालीम चालली होती. त्या उंच दगडी कमानींखाली पोरांचे आवाज असे वर चढत होते की तिला बसवेना. ती बाहेर आली. धुकं उतरलं होतं. तीन-साडेतीनलाच दिवे लागायला आले होते आणि माणसं धुक्यातून अर्धीअर्धी दिसत होती.

त्या गर्दीत पुढे एक माणूस चालला होता. काळा लांब कोट, डोक्यावर काही नाही, केसांत बर्फाची भुरभुर. चालताना त्याचा डावा खांदा किंचित खाली जात होता. चंद्रशेखर तसेच चालायचे. पण हा चंद्रशेखरांहून उंच होता, सडपातळ, सदतीस-अडतीसचा.

सुप्रभा त्याच्या मागे निघाली. मी कुठे जातेय असं तिने स्वतःला विचारलं नाही. तो बुथमच्या वेशीखालून गेला, ती गेली. तो डावीकडे वळला, ती वळली. बर्फात तिचे बूट रुतत होते आणि तिला धाप लागली होती, पण तो फार पुढे गेला नाही आणि फार जवळही आला नाही. मग तो एका गल्लीत शिरला. ती कोपऱ्यावर पोचली तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. बर्फावर पावलं होती, पण ती कितीतरी जणांची होती.

मग तिने मान वर करून पाहिलं. विटांच्या घरांची तीच ओळ. समोर मिसेस बॅरक्लफचं घर. दाराचा रंग बदलला होता. वरच्या खिडकीत ख्रिसमसची कागदी चांदणी लावलेली.

शेजारच्या घरापुढे एक बाई फावड्याने बर्फ ओढत होती. म्हातारी बाई धापा टाकत उभी आहे हे पाहून ती थांबली.

"ठीक आहात ना, लव्ह? कुणाला शोधताय?"

"इथून आत्ता एक माणूस गेला का? काळ्या कोटातला?"

"मी नाही पाहिलं कुणाला. मी बराच वेळ इथंच आहे."

सुप्रभाने मान हलवली. मग तोंडातून निघून गेलं, "इथं मिसेस बॅरक्लफ राहायच्या."

"एडिथ? अहो, आहे की ती अजून. नव्वदीच्या पुढे गेलीय. त्या कोपऱ्यावर वृद्धांचं होम आहे, तिथं. जाऊन भेटा तिला. बिचारीकडे कुणी येत नाही. कधी ओळखते, कधी नाही, पण जुन्या गोष्टी विचाराल तर पक्क्या आहेत."

सुप्रभाला भेटायचं नव्हतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि तो प्रश्न ती इतकी वर्षं गिळून बसली होती. माझ्या मुलाचे कपडे तू कुठे टाकलेस?

पण एकटीने जायचं धाडस होईना. तिने शाल्मलीला फोन केला. "आमच्या जुन्या घरमालकीणबाई अजून आहेत. ये. पाच मिनिटं बसून जाऊ." शाल्मली पिशव्या सांभाळत आली, खूश होती. आईच्या जुन्या आयुष्यातलं कुणीतरी तिला पहिल्यांदाच बघायला मिळणार होतं.

होममध्ये फार उकडत होतं. एडिथ बॅरक्लफ खिडकीशी खुर्चीत बसली होती. काठीसारखी बाई आता वाळक्या शेंगेएवढी झाली होती, पण पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. तिथल्या सेविकेने पाहुणे आल्याचं सांगितलं. म्हातारीने मान वळवली. तिची नजर सुप्रभावरून सरकली, जशी ती खुर्चीवरून किंवा पडद्यावरून सरकावी, आणि शाल्मलीवर थांबली.

शाल्मली आईवर गेली होती. तेच मोठे डोळे, तीच हनुवटी. थंडीने नाक लाल झालेलं, अंगात गडद लाल कोट. सुप्रभाचाही त्या वेळी लाल कोट होता, एका दुकानातून सेलमध्ये घेतलेला. तिला ते त्याच क्षणी आठवलं.

"आलीस तू," म्हातारी शाल्मलीला म्हणाली. "मला वाटलं तू यायची नाहीस."

शाल्मली हसली. "हॅलो, मिसेस बॅरक्लफ."

"बस. इथं बस, जवळ. बरी झालीस का? दूध गेलं का?"

शाल्मलीने वळून आईकडे पाहिलं. सुप्रभा दारापाशीच उभी होती. तिला पुढे होऊन सांगायचं होतं, ती नाही, मी आहे. पण पाय हलेनात आणि तोंडही उघडेना. आपण या खोलीत नाहीच, असं तिला वाटत होतं. तिकडे खुर्चीपाशी तेवीस वर्षांची सुप्रभा बसली होती आणि ही इथं दाराशी नुसती हवा होती.

"त्यांनी मला सांगितलं होतं तुझ्यापाशी काही बोलायचं नाही," म्हातारी म्हणाली. तिने शाल्मलीचा हात धरला होता. "तुझ्या डॉक्टरने. हात जोडून सांगितलं, तुमच्यात जोडतात तसे. म्हणून मी गप्प बसले. पण ते काही बरोबर झालं नाही. आईला कळायला पाहिजे. मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही गं."

"कुणाला?" शाल्मलीने हळू विचारलं.

"तुझ्या बाळाला."

खोलीत रेडिएटरचा टकटक आवाज येत होता. शाल्मलीचा चेहरा बदलत गेला. तिने पुन्हा आईकडे पाहिलं, आणि या वेळी तिला कळलं. सगळं नाही, पण हा गैरसमज नाही एवढं तिला कळलं. तिने आपला हात सोडवून घेतला नाही.

"माझ्या नवऱ्याचा भाऊ अंत्यविधीच्या धंद्यात होता," म्हातारी सांगत राहिली. "त्याच्याकडून कळलं केव्हा नेणार ते. म्हणून तुझ्या खोलीत गेले. न विचारता गेले, त्याची माफी मागावी असं मनात होतं. ते पिवळं टोपडं घेतलं आणि कोट. त्यांनी त्याला नुसत्या कापडात ठेवलं होतं. मी म्हटलं, त्याच्या आईने विणलंय, ते त्याला घाला. त्यांनी घातलं. मी बघितलं. गोड होता. केस खूप होते."

सुप्रभाने दाराची चौकट धरली.

"पाळणा आणि बाकीचे कपडे मी देऊन टाकले. तू येऊन ते बघितलं असतंस तर..." म्हातारी थांबली. "गावाच्या कडेच्या दफनभूमीत नेलं. पार शेवटी, भिंतीपाशी, तिथं हॉलीचं मोठं झाड आहे आणि भिंतीपलीकडून आगगाडी जाते. त्याच्या आधी दोन छोटी बाळं होती तिथं. एकटा नाही तो. पाद्री भराभर बोलला, थंडी होती. मग मी आमच्यात लेकरांसाठी म्हणतात ती प्रार्थना म्हटली. तुमचं मला येत नव्हतं."

"थँक यू," शाल्मली म्हणाली.

"तुझा डॉक्टर आला होता, पण आत नाही आला. रस्त्याच्या पलीकडे दिव्याच्या खांबाखाली उभा होता, खिशात हात घालून. मी हाताने बोलावलं. त्याने मानेनेच नाही म्हटलं. पण गेलाही नाही. मी निघाले तरी उभाच. त्याच्यावर रागावू नकोस फार." मग तिने शाल्मलीच्या तोंडाकडे बारीक पाहिलं. "मी बरोबर केलं ना, लव्ह?"

शाल्मलीने आईकडे पाहिलं. सुप्रभाने मान डोलावली. एकदाच.

"हो," शाल्मली म्हणाली. "बरोबर केलंत."

म्हातारीने हात सोडला आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर येऊन दोघी फुटपाथवर उभ्या राहिल्या. बर्फ पुन्हा पडायला लागला होता. पहिल्यांदा शाल्मलीच बोलली.

"मला भाऊ होता."

"हो. तुझ्याहून मोठा."

"आणि बाबा पण कधी नाही सांगितला. तू पण नाही. मी एवढी मोठी झाला, आई." रागाने आणि रडण्याने तिचं सगळं व्याकरण कोसळलं होतं. "मी नेहमी विचारायचा, मला कोण भाऊबहीण का नाही. तू म्हणायची, तू एकटीच पुरे."

सुप्रभाने मुलीची पिशवी आपल्या हातात घेतली. मग ती सांगायला लागली. टॅक्सी मिळेपर्यंत उभ्याउभ्या आणि मग टॅक्सीत बसून तिने बॅटरीचे दिवे, टाच, पट्ट्या, नळ, सगळं सांगितलं. तो लायब्ररीच्या काचेबाहेर उभा राहायचा हेही. आणि आज धुक्यातून तो पुढे चालला होता हेही. शाल्मलीने वेडी म्हटलं नाही. तिने फक्त विचारलं, "कसा दिसतो तो?"

"तुझ्या बाबांसारखा. पण उंच."

दफनभूमीचं फाटक उघडं होतं आणि उजेड थोडाच उरला होता. जुन्या दगडी क्रुसांच्या डोक्यावर बर्फाच्या टोप्या चढल्या होत्या. त्या दोघी पार शेवटपर्यंत चालत गेल्या. भिंत लागली. भिंतीपाशी हॉलीचं झाड, काटेरी पानांचं, लाल फळांनी लगडलेलं. त्याच्या आसपास एकही दगड नव्हता, नुसती सपाट पांढरी जमीन. त्यात नेमकी जागा कुठली ते कुणाला सांगता येणार. मग पलीकडून गाडी गेली आणि झाडावरचा बर्फ भुसभुस खाली पडला.

सुप्रभाने हातमोजा काढला. गुडघे दुखत होते, तरी ती खाली बसली आणि तळहात बर्फावर ठेवला. हात बधिर होईपर्यंत ठेवला. इतकी वर्षं मनात साठवलेलं बोलावं म्हटलं तर त्यातलं एकही वाक्य पुढे येईना. शेवटी ती म्हणाली, "ही शाल्मली. तुझी बहीण. नोकरी करते. हट्टी आहे."

शाल्मली तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "नाव काय त्याचा?"

"ठेवलं नव्हतं. बारशाला ठेवू म्हटलं होतं."

सुप्रभाने बधिर हात पुन्हा हातमोज्यात घातला.

परत येताना फाटकापाशी सुप्रभा थांबली. रस्त्याच्या पलीकडे दिव्याचा खांब होता. तोच होता की नवा, कोण जाणे. ती रस्ता ओलांडून गेली आणि खांबाखाली उभी राहिली. तिथून फाटकाच्या गजांतून आतली वाट सरळ शेवटपर्यंत दिसत होती, आणि तिच्या टोकाला हॉलीच्या झाडाचा काळा आकार. म्हणजे चंद्रशेखरांना सगळं दिसलं होतं. खड्डा, पेटी, थंडीत उभी असलेली घरमालकीण. हे सगळं डोळ्यांत घेऊन ते संध्याकाळी वर आले असतील आणि तिच्या शेजारी बसून त्यांनी चहा प्यायला असेल. आणि पुढे तेहतीस वर्षं प्यायला.

तिला राग आला. इतका आला की तिने खांबाला हाताने मारलं. मग ती तिथंच हुंदके देऊन रडली, आणि शाल्मली रस्ता ओलांडून येऊन तिला धरून उभी राहिली.

त्यानंतर तो उंच सडपातळ मुलगा तिला दिसला नाही. ती भीती खरी ठरली, सांगितलं आणि तो गेला. त्याच्या जागी मात्र चंद्रशेखर यायला लागले. म्हातारे नव्हेत, तिशीतले, पातळ कोटातले. हॉल ग्रीनच्या बसस्टॉपसमोर, दवाखान्याच्या पलीकडच्या फुटपाथवर, खिशात हात घालून उभे. रस्ता ओलांडून ते अलीकडे कधी येत नाहीत. सुरुवातीला ती तोंड फिरवून घ्यायची. हल्ली फिरवत नाही. कधी बसची वाट बघता बघता ती त्यांना मनातल्या मनात बोलते, चांगली खरमरीत बोलते. ते ऐकून घेतात.

त्या हिवाळ्यात ती यॉर्कला आणखी दोनदा गेली. एकदा शाल्मलीबरोबर आणि एकदा एकटी. मिसेस बॅरक्लफ तिला ओळखायच्या नाहीत. चर्चमधून कुणी बाई आली आहे असं त्यांना वाटायचं, आणि सुप्रभाने ते तसंच राहू दिलं. ती हात चोळून द्यायची, केस विंचरून द्यायची. एकटी गेली त्या दिवशी खिडकीबाहेर बर्फ वितळून पाणी ठिबकत होतं आणि म्हातारी बोलायच्या लहरीत होती.

"माझ्याकडे वरच्या मजल्यावर एक इंडियन मुलगी होती," ती म्हणाली. "नवरा डॉक्टर. ती पोटुशी होती तेव्हा जिना उतरताना पोटाशी बोलायची. मी खालच्या खोलीत असायचे. दार लोटून घ्यायचे, तिला संकोच नको म्हणून. पण ऐकत बसायचे. त्यांच्या भाषेत काहीतरी. प्रत्येक पायरीला तेच."

सुप्रभा कंगवा हातात धरून थांबली. तिला हे आठवत नव्हतं. जिना आठवत होता, अरुंद, अंधारा, आणि त्याचा गुळगुळीत कठडा. पण आपण काही बोलायचो हे तिच्या मनातून पार पुसून गेलं होतं.

"काय म्हणायची?" तिने विचारलं.

"मला कुठून कळणार. तिला विचारायचं राहूनच गेलं." म्हातारीने आठवून पाहिलं, आणि मग तिच्या सुकलेल्या ओठांतून दोन अक्षरं आली, मोडकी, भलत्याच सुरातली. "हळ्यू. हळ्यू." ती थांबली. "असंच काहीतरी. तुम्हाला येतं का ते?"

"येतं," सुप्रभा म्हणाली. "हळू, हळू."

"काय अर्थ त्याचा?"

सुप्रभाने सांगितला. मिसेस बॅरक्लफने मान डोलावली आणि केस विंचरायला पुन्हा डोकं पुढे केलं.